आठ भोकं आणि एक पितळी स्क्रू

मित्रांनो, मला नीट बघायचं असेल तर चष्मा लावा, कारण माझी उंची तुमच्या करंगळीच्या नखाएवढीच आहे. मी एक पितळी स्क्रू, आणि आता बराच जुना. डोक्यावर खाच आहे, अंगावर आटे आहेत आणि पोटात मत्सर आहे. ही शेवटची गोष्ट झाकून ठेवावी असं फार वाटत होतं. पण आपली हकिगत सांगायला बसलोच आहे, तर निदान खरं तरी सांगावं.

शंभर भावंडांबरोबर मी कागदी खोक्यात पडून होतो, तेव्हा लेथवर काम करणाऱ्या एका माणसाने आम्हाला घरी नेलं. सुट्टीच्या दिवशी तो एक बोट बनवत होता. हातभर लांबीची, रिमोटवर चालणारी, पोटात मोटर आणि बॅटरी असलेली. साच्यात काचेच्या धाग्यांचं कापड अंथरून, त्यावर वाळून कडक होणारं रेझिन थापून त्याने तिचं फायबरग्लासचं पातळ, टणक अंग तयार केलं होतं. वरच्या बाजूला एक झाकण होतं आणि ते घट्ट बसवायला आठ स्क्रू लागत होते. त्या आठांत माझी निवड झाली तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं.

तो आनंद पहिल्या रविवारपर्यंतच टिकला. तळ्याच्या काठावर माणसं जमली. "काय देखणी बोट आहे हो!" असं जो तो म्हणू लागला. कुणी तिचा निळा रंग नावाजला, कुणी तिची चाल. आत थेंबभर पाणी जाऊ नये म्हणून आम्ही आठजण जीव तोडून झाकण धरून बसलो होतो, पण आमचं कुणी नावही काढलं नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. घरी आल्यावर तो तिला मऊ फडक्याने पुसायचा आणि आम्हाला बशीत टाकायचा. दर रविवारी हेच.

पुढे लेथवाले बाबा वारले. जाताना ते बोट थोरल्या मुलीला देऊन गेले. ही ताई एका शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिचा धाकटा भाऊ दातांच्या कवळ्या बनवायचा. रविवारी दोघं तळ्यावर यायची, पण रिमोट ताईच्या हातात आणि स्क्रू ड्रायव्हर धाकट्याच्या. तो आम्हाला असा आवळायचा की झाकण करकरायचं.

"अरे, बास की!" ताई म्हणायची.

"सैल राहिलं तर मलाच बोल लावशील," असं म्हणून तो आणखी एक फेरा द्यायचा.

ताईला वाटायचं, याचा हातच जड आहे. मला मात्र लगेच कळलं. बाबांनी बोट ताईला दिली, हे त्याला पचलं नव्हतं. जळणाऱ्याला जळणारा ओळखायला वेळ लागत नाही.

फायबरग्लास टणक असलं तरी पातळ असतं. इतका जोर त्याला सोसेना. एकेक करत आठही भोकांचे आटे गेले आणि आम्ही नुसते गरगर फिरू लागलो. "दाराच्या बिजागरीला चालतं, मग इथे का नाही चालणार?" असं म्हणत धाकट्याने भोकांत डिंक लावलेल्या आगकाड्या कोंबल्या. पण बिजागरीचा स्क्रू जाड लाकडात असतो आणि दार काही तळ्यात पोहत नाही! पुढच्या रविवारी काड्या भिजून मऊ झाल्या, झाकण नखभर उचललं गेलं आणि बोट एका अंगाला कलंडली.

मित्रांनो, लाज वाटते, पण त्या क्षणी मला आनंद झाला. "आता करा म्हणावं हिचं कौतुक!" असं मी मनात म्हणालो. तेवढ्यात ताई चपलांसकट गुडघाभर पाण्यात शिरली. तिने बोट छातीशी धरली. बोटीतलं पाणी तिच्या कपड्यांवरून ओघळत होतं.

काठावर आल्यावर ती म्हणाली, "बाबांच्या हातची एवढी एकच वस्तू राहिली आहे. आता नाही सोडायची हिला पाण्यात. कपाटावर ठेवून देते."

धाकट्याचा चेहरा उतरला. माझाही उतरला, कारण कपाटावरच्या बोटीला स्क्रू कशाला लागतात?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धाकटा आपली कामाची पिशवी घेऊन ताईच्या घरी आला. त्याने आम्हा आठांना स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडलं आणि भिंगातून तपासलं. सातांच्या खाचा चेचल्या गेल्या होत्या, आटे झिजले होते. मी कोपऱ्यातला. तिथे त्याचा हात नीट पोचत नसे, म्हणून भोक गेलं तरी मी तेवढा धड राहिलो होतो.

त्याने एक भोक खरवडून साफ केलं आणि खालून चिकटपट्टी लावली. रेझिनमध्ये काचेच्या धाग्यांचा चुरा कालवून ते दाट मिश्रण भोकात भरलं. मग मला कवळीच्या मेणाने माखून त्यात उभं केलं. मेणामुळे रेझिन मला चिकटत नाही, फक्त माझा आकार घेतं. "दातांचा ठसा घेतो ना, तसाच हा आट्यांचा ठसा," त्याने ताईला समजावलं. दुसऱ्या संध्याकाळी त्याने मला हलकेच फिरवून काढलं, तर भोकात माझेच आटे उमटले होते!

एका भोकाला एक दिवस. बाबांचं खोकं केव्हाच संपलं होतं आणि धड स्क्रू मी एकटाच, म्हणून धाकट्याला रोज यावं लागलं. पहिले दोन दिवस दोघं रेझिनखेरीज काही बोलली नाहीत. पाचव्या दिवशी मिश्रण ढवळता ढवळता तो एकदम म्हणाला, "ताई, भोकं मीच घालवली. मुद्दाम जोर लावत होतो. बोट तुला दिली ना, म्हणून."

ताईने त्याच्या हातातली वाटी घेऊन टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "आणि मी तुझे हात बघून जळायचे. बाबांनी तुला सगळी कारागिरी शिकवली. मला नुसती बोट दिली."

मग दोघं इतकं बोलली, इतकं बोलली, की वाटीतलं रेझिन दगड होऊन बसलं. त्या दिवशी भोक भरायचं राहिलंच, आणि मला फुकटची सुट्टी मिळाली.

आठवं भोक तयार झालं तेव्हा धाकट्याने मला तळहातावर घेतलं. "या एकट्याने आठही भोकं उभी केली बघ!" माझी छाती फुगली. आता माझी जागा पक्की, असं मी धरून चाललो होतो. तर या गृहस्थाने खिशातली पुडी उघडली आणि त्यातून त्याच दिवशी आणलेले, माझ्याच मापाचे स्टीलचे आठ चकचकीत स्क्रू काढले!

"आणि याचं काय?" ताईने विचारलं.

"याला पाण्यात घालवायचं नाही. पुन्हा कधी भोक गेलं तर ठसा कशाचा घेणार?" असं म्हणून त्याने मला कवळीच्या डबीत, कापसावर निजवलं.

रविवारी मी डबीतूनच तळ्यावर गेलो. ताईने रिमोट धाकट्याला दिला आणि स्क्रू स्वतः बसवले. प्रत्येक स्क्रू तिने आधी उलटा फिरवला, आटा आट्यात टक्कन बसला की मगच हलक्या हाताने आवळला. बोट पाण्यात उतरली आणि कोरडी परत आली. "कशी काय दुरुस्त केली?" लोकांनी विचारलं. धाकट्याने डबी उघडून मला दाखवलं. मी या हातातून त्या हातात गेलो. "वा!" लोक म्हणाले. आयुष्यभर ज्यासाठी जळलो, ते सगळं मला त्या एका सकाळी मिळालं.

तरी माझी नजर बोटीच्या झाकणावरच होती. तिथे ते आठजण ओलेचिंब होऊन काम करत होते. त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं, आणि मी त्यांच्यावर जळत होतो.

मित्रांनो, आम्हाला बसवताना घाई करू नका, राग आमच्यावर काढू नका. आमची काळजी जरूर घ्या, पण काळजीपोटी आम्हाला कामावरून काढू नका. कौतुक पोटभर झालं. आता मला माझी जागा परत हवी आहे.