पायी जायला नवस लागतो

सकाळी सिंधुबाई चांगली साडी नेसून पडवीत येऊन बसल्या, तेव्हा गाडी दारात उभी होती. दुपारी कंटाळून त्या साडी बदलायला आत गेल्या, तेव्हाही गाडी दारातच उभी होती. कमी होता तो फक्त गाडी चालवणारा. मुलगा महेश "आलोच" म्हणून कुणाला तरी प्लॉट दाखवायला गेला होता. नवरा, म्हणजे बहिरूशेठ, दुसऱ्या गाडीत बसून या गाडीचा विमा भरायला गेले होते.

सिंधुबाईंना हिरावाडीला जायचं होतं, थोरल्या बहिणीकडे. वत्सलाबाईंना लकवा मारला होता. उजवी बाजू गेली होती, शब्द अडखळत येत होते. अमृतधामजवळच्या या बंगल्यापासून त्यांचं घर चालत गेलं तर जवळ. पण या घरातलं माणूस चालत जात नसे. तशी घराण्याची रीतच होती.

रीत फार जुनी. म्हणजे आडगावची जमीन विकून पहिली गाडी आली तेव्हापासूनची. त्याआधी बहिरूशेठ नुसते बहिरू होते आणि कोथिंबिरीच्या जुड्या सायकलला बांधून पहाटे मार्केट गाठत होते. ती सायकल त्यांनी भंगारात घातली आणि भंगारवाल्याला 'कुठं बोलू नको' असंही बजावलं. तेव्हापासून घरात कोथिंबीरसुद्धा गाडीतून येते. चौकात भाजीवालीपुढे गाडी थांबते, काच खाली होते, जुडी आत येते, काच वर जाते. तेवढ्या वेळात मागे अर्धी पंचवटी थांबते.

घरात सायकल नव्हती असंही नाही. महेशची होती, गिअरची, महागडी. दर रविवारी तो ती गाडीच्या पाठीला बांधून गंगापूर धरणाकडे नेई. तिथे हेल्मेट घालून चालवी, फोटो काढी आणि परत गाडीला बांधून घरी आणी. "एवढी चांगली सायकल आहे, तर सकाळी दूध आणत जा की तिच्यावर," असं त्याची बायको योगिनी एकदा म्हणाली. महेश मनातून दुखावला. "ही सायकल आहे, योगिनी. दूध आणायची सायकल वेगळी असते."

सिंधुबाई बहिणीला शेवटच्या भेटल्या त्याला दीड महिना होऊन गेला होता. त्या दिवशी महेशला गल्लीत गाडी लावायला जागा मिळेना, म्हणून तो हॉर्न वाजवत बाहेर चकरा मारत होता. सिंधुबाई पेज भरवत होत्या. दुसऱ्याच घासाला वत्सलाबाईंनी तोंड मिटलं. "जा तू... पोरगा... वाजवतोय." वाटी अर्धी ठेवून सिंधुबाई उठल्या. ती अर्धी वाटी त्यांच्या डोक्यातून जात नव्हती. भांडी घासायला बाई होती, तरी त्या हल्ली भांडी घासायच्या.

साडी बदलावी लागली त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी विषय काढला.

"उद्या मी जाते अक्काकडं. चालत."

बहिरूशेठांचा हात ताटात थांबला. "कोण वारलं?"

"कुणी नाय."

"मग चालत कशाला?"

"तुम्हाला दोघांना टाइम नाय म्हणून."

"अगं, लोक काय म्हणतील? बहिरूशेठचं दिवाळं निघालं म्हणतील! प्लॉटचं गिऱ्हाईक हटेल माझं. दारात दोन गाड्या हायत, तिसरी बुक केलीय, अन् बायको रस्त्यानं पिशवी घेऊन चाललीय?"

"पिशवी नाय नेत."

"ते तर लयच वाईट. घरातून रुसून निघाली म्हणतील."

"दादा, मग रिक्षानं जातील त्या," योगिनी सासऱ्यांना म्हणाली.

"रिक्षा?" बहिरूशेठांनी तो शब्द असा उच्चारला, की योगिनीने मुकाट्याने त्यांना आमटी वाढली.

हसू येण्यासारखी गोष्ट आहे, पण सिंधुबाईंना येत नव्हतं. पूर्वी डोक्यावर पाटी घेऊन आडगावचा शिवार पालथा घालणारी ही बाई आता गेटापर्यंत जाई आणि परत येई. गॅलरीत जाई, परत येई. दारात गाडी आली आणि पायातला रस्ता गेला. श्रीमंतीने कोंडलेल्या बाईची दया कुणाला येत नाही, कारण कोंडवाड्याला ग्रॅनाइट बसवलेलं असतं.

मग नवरात्र आलं. पहाटे कालिकेकडे निघालेल्या बायकांचा घोळका घरावरून गेला. सगळ्या अनवाणी. त्यांत डॉक्टरीणबाई होत्या, बिल्डरची सून होती. कुणीही त्यांचं दिवाळं काढलं नाही. उलट बहिरूशेठच गॅलरीत हात जोडून उभे होते.

"सूनबाई," सिंधुबाई हळूच म्हणाल्या, "यांच्या पायात चप्पलसुदिक नाय. तरी यांना कुणी गरीब म्हणत नाय."

"नवस असतो ना त्यांचा, आई."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. एवढी शांतता या घरात पूर्वी फक्त महेशच्या बारावीच्या निकालाला झाली होती.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सिंधुबाई म्हणाल्या, "देवी सपनात आली व्हती."

बहिरूशेठांनी कप खाली ठेवला. "काय म्हणली?"

"हिरावाडीच्या देवळात रोज पायी ये, म्हणली."

"गाडीनं नाय चालणार?"

"मी इचारलं. नाय म्हणली."

"का?"

सिंधुबाईंना पुढचं पाठ नव्हतं. "तिथं पार्किंगला जागा नाय म्हणली."

योगिनीने डोळे मिटून घेतले. बहिरूशेठ मात्र गंभीरपणे मान हलवत होते. "बरोबर हाय देवीचं. नायच जागा तिथं."

पूजेचं ताट घेऊन सिंधुबाई अनवाणी निघाल्या आणि गेटाबाहेर पहिल्याच पावलाला अडल्या. फुटपाथवर एक पांढरी गाडी आडवी उभी होती. उरलेल्या जागेत कुंड्या आणि साखळी. "कोण मेलं लावतं अशी गाडी?" त्या म्हणाल्या आणि मग त्यांनी नंबर पाहिला. गाडी घरचीच होती. इतकी वर्षं त्या तिच्यात बसत होत्या, पण ती कुठे उभी असते हे पायी निघाल्याशिवाय कळण्यासारखं नव्हतं. त्या खाली रस्त्यावर उतरल्या. मागून आलेल्या स्कूटीवाल्याने शिवी हासडली. सिंधुबाईंनी ती ऐकून घेतली, कारण पत्ता बरोबर होता.

पुढे रस्ता ओलांडायला कुणी थांबेना. तेव्हा त्यांनी ताट वर धरलं. डंपर थांबला. ड्रायव्हरने तर वरूनच नमस्कार केला.

वत्सलाबाई खाटेवरून बघत राहिल्या. "कशात... आलीस?"

"पायी."

"मग... बसशील?"

"बसते की, अक्का."

त्या दिवशी पेजेची वाटी रिकामी झाली. मग केसांना तेल लागलं, वेणी झाली, माहेरच्या कुणाकुणाची निंदासुद्धा यथास्थित झाली. हळूहळू वत्सलाबाई धरून उभ्या राहू लागल्या, आणि शब्दही जरा लवकर येऊ लागले.

सिंधुबाईंच्या चेहऱ्यावरचं तेज बघून कॉलनीत भक्तीची साथ आली. समोरच्या शकुबाईंनी देवळाच्या पलीकडे जाण्याचा नवस बोलला. देवळाच्या पलीकडे शिवणाचा क्लास होता. एका निवृत्त मास्तरांच्या पत्नीला वाचनालयाच्या दिशेची देवी पावली. योगिनीने जुनी लेडीज सायकल घेतली आणि सायकलवरून नवस सुरू केला.

"नवस सायकलवर असतो व्हय?" बहिरूशेठांना शंका आली.

"दादा, देवी वाघावर बसते. मी सायकलवर बसले तर काय बिघडलं?"

वाघ बहिरूशेठांना पटला. शिवाय त्यांना आता अभिमान वाटू लागला होता. लोक नमस्कार करत होते, प्लॉटचं गिऱ्हाईक 'माऊली कशा आहेत?' म्हणून विचारत होतं. एके दिवशी चौकात फ्लेक्स लागला: 'सौ. सिंधुबाई यांच्या पदयात्रेची भव्य सांगता'. त्यावर सिंधुबाईंचा फोटो एवढासा आणि बहिरूशेठांचा आभाळाएवढा.

"उघडी जीप सांगितलीय," ते म्हणाले. "फुलांनी सजवू. मागं आपल्या लोकांच्या गाड्या. डीजे हाय."

"पदयात्रेला गाड्या?" योगिनीने विचारलं.

"सांगता हाय ती. सांगतेला कोण चालतं?" मग ते बायकोकडे वळून मायेने म्हणाले, "लय हाल झाले तुझे. एकदा सांगता झाली की सुटलीस. परत चालायचं काम नाय."

सिंधुबाईंच्या हातातला चहा निवत गेला. परत पडवी. परत साडी नेसून बसणं. परत हॉर्न.

सांगतेच्या दिवशी घरापासून चौकापर्यंत गाड्याच गाड्या लागल्या. फुटपाथ गेले, रस्ता गेला. पदयात्रेच्या सन्मानार्थ कुणालाही पायी जाता येईना. सिंधुबाईंना जीपजवळ आणलं. प्रभागातले एक पुढारी माइकवर म्हणाले, "माऊली, कोणत्या इच्छेसाठी नवस केला होता, ते दोन शब्दांत सांगा."

सिंधुबाईंनी माइक घेतला.

"नवस नव्हता."

डीजेवाल्याला वाटलं, झालं भाषण. त्याने गाणं लावलं. योगिनीने जाऊन वायर उपटली.

"देवी सपनात आली नाय. मी खोटं बोलले. मला माझ्या बहिणीकडं जायचं व्हतं. या घरातून चालत निघायचं तर देवाची परवानगी दाखवावी लागते, म्हणून देवीचं नाव घेतलं. तिची माफी मी मागीन, ती बाई हाय, समजून घेईल. पण सांगता नाय. मी या जीपमध्ये बसणार नाय. मी उद्या बी जाणार, परवा बी जाणार. माझे पाय हायत म्हणून जाणार."

मग गर्दीतून शकुबाईंचा आवाज आला, "माझाबी नवस नव्हता. मी शिवण शिकायला जाते."

"काय?" त्यांच्या मागून त्यांच्या नवऱ्याचा आवाज आला.

त्या दिवशीचा महाप्रसाद लोक खाली बघून जेवले. बहिरूशेठ जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सिंधुबाई ताट न घेता, पायात चपला घालून निघाल्या. नुसती पायी जाणारी बाई म्हणून हा त्यांचा पहिला दिवस. डंपर थांबला नाही. त्या थांबल्या, आणि मग गेल्या. मागून बहिरूशेठांनी गाडी काढली. बायकोला अडवणं त्यांना जमेना, आणि तिला एकटं पायी जाताना लोकांनी बघणंही सोसेना. म्हणून गाडी तिच्या मागोमाग, तिच्याच चालीने. बघणाऱ्याला वाटावं, बाई गाडीतलीच आहे, जरा पुढे उतरलीय.

"बस गं. लोक बघत्यात."

"बघू द्या."

"पाय दुखतील."

"माझे हायत."

"अगं, मागं लाइन लागलीय! माझ्या नावानं शंख चाललाय."

"मग तुम्ही पुढं जा ना."

"तुला सोडून कसा जाऊ?"

संसारातलं हे बहुधा त्यांचं सगळ्यात प्रेमाचं वाक्य असावं, पण ते मागच्या बसच्या हॉर्नमध्ये बुडालं. वत्सलाबाईंच्या गल्लीच्या तोंडाशी एक टेम्पो आडवा होता. सिंधुबाई पदर सावरून त्याच्या बाजूने निघून गेल्या. गाडीला ते जमणारं नव्हतं. थोड्या वेळाने बहिरूशेठांनी फोन लावला.

"कुठं हायस?"

"अक्काजवळ. आज तिला न्हाऊ घालते, टाइम लागंल. तुम्ही जा घरी."

"जाऊ कसा? पुढं टेम्पो, मागं बस. गाडी हलत नाय."

"मग इकडं या. अक्का इचारतीय तुम्हाला. चहा टाकते."

"अन् गाडी?"

"ती कडंला लावा अन् ऱ्हाऊ द्या. तिला कुठं जायचंय?"

बहिरूशेठांनी दाराच्या मुठीवर हात ठेवला. समोर वत्सलाबाईंची खिडकी दिसत होती, इतकी जवळ की आतल्या बादलीचा आवाज यावा. मागे सगळे जिवाच्या आकांताने हॉर्न वाजवत होते. त्यांतल्या कितीतरी जणांना तिथेच कुठेतरी जायचं होतं.