शिलाईतली माया

लाल-पांढरी चकती फिरायची थांबली, तशी गोपिकानं पोरीला खांद्याशी आणखी घट्ट धरलं आणि दहा पैशांचं नाणं मशीनच्या फटीत टाकलं. आत खडखड झाली. तिकीट खालच्या वाटीत पडलं, पण ते उचलायला तिचा हात होईना. नागपूर स्टेशनच्या पहिल्या फलाटावर, मे महिन्याच्या रविवारी सकाळी, वजनाच्या मशीनवर डोळे मिटून उभी असलेली बाई बघून एका हमालाला राहवलं नाही.

"काय वं बाई, देव हाय का त्याच्यात?"

तिनं डोळे उघडले, तिकीट उचललं. पासष्ट!

गेले चार रविवार हे मशीन सहासष्टवर अडून बसलं होतं. मेलं बिघडलंय की काय, असंही तिला वाटून गेलं होतं. पोरीला फलाटावर कुणाच्या भरवशावर ठेवायचं, म्हणून ती मुलीसकटच मशीनवर चढायची आणि मग तोंडी हिशेब करायची. आरोग्य केंद्रातल्या कार्डावर एप्रिलमध्ये पोरीचे साडेचार किलो लिहिले होते. ते वजा केले की उरलं ते आपलं. म्हणजे साडेएकसष्टवरून साडेसाठ. तिकिटाच्या मागे हिंदीत भविष्य छापलेलं होतं: आपका परिश्रम सफल होगा. गोपिका असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नव्हती, पण आज तिनं ते दोनदा वाचलं.

चंद्रभान, तिचा नवरा, स्टेशनातच रेल्वेच्या टपालात पत्रं गावागणिक वेगळी करायचा. रविवारी त्याचा डबा घेऊन ती यायची. डबा हे निमित्त होतं, हे त्यालाही ठाऊक होतं. खिडकीतून डबा घेताना तो म्हणाला,

"आज तं लई खुश दिसून राहिली."

"एक किलो उतरलं."

"कोनाचं?" त्यानं आपली थट्टा केली.

"माहं! आनखी कोनाचं?"

तो हसला, पोरीच्या गालाला बोट लावलं आणि पत्रांकडे वळला. पोर शांत होती. हल्ली ती फार रडत नसे. वस्तीतल्या बायका म्हणायच्या, मोठी गुणाची पोरगी आहे. गोपिकालाही तसंच वाटायचं.

आता एखादी बाळंतीण आपलं वजन असं का मोजत सुटते, हे सांगायला हवं. गोपिका मेश्राम ही मुलींच्या शाळेत कवायतीची शिक्षिका होती. सीपीएड ही व्यायामशिक्षणाची परीक्षा देऊन नोकरीला लागलेली वस्तीतली पहिली मुलगी. तिच्या शिट्टीवर तीनशे मुली एका वेळी पाय आपटायच्या. पण नोकरी तात्पुरती होती. बाळंतपणाची रजा आणि उन्हाळ्याची सुट्टी जोडून मिळाली, तिच्या जागी एक बदली बाई आली, आणि मुख्याध्यापिका यमुताईंचं पत्र घरी आलं. सव्वीस जूनला विहित गणवेशात हजर व्हावे. न झाल्यास जागा भरण्यात येईल.

गणवेश म्हणजे पांढरा कुडता, पांढरी सलवार, आडवी बांधलेली ओढणी आणि कमरेला निळा पट्टा. शाळेचे सगळे कपडे गांधीबागेतले नत्थूजी टेलर शिवायचे आणि ते कापडाच्या बाबतीत महा चिक्कू. दुसरा शिवून घ्यायला घरात पैसे नव्हते. एप्रिलमध्ये गोपिकानं कुडता घालून बघितला, तर तो दंडात आणि छातीवर असा अडकला की वरही जाईना आणि निघेही ना. शेवटी सासूला हाक मारावी लागली. भीमाबाईंनी हसत हसत ओढून काढला. गोपिका त्या दिवशी मोरीत जाऊन रडली.

सगळ्या म्हणायच्या, पोरीला अंगावर पाज, आपोआप उतरते. ती पाजत होती आणि काही म्हणजे काही उतरत नव्हतं. आधी हेच अंग दोरीवरून दोनशे उड्या मारायचं. आता ते तिचं ऐकतच नव्हतं. तिला त्या अंगाचा संताप यायचा. पहाटे पाचला ती मैदानाला चकरा मारायला जायची, तर दूध भरलेली छाती ठणकायची, आणि नळावरच्या बाया एकमेकींना कोपर मारून म्हणायच्या, "पाय वं, बाळंतीण पळून राहिली!" ती पोटाला जुनं लुगडं करकचून बांधायची. सकाळी लिंबाचं पाणी, दुपारी अर्धी भाकर, संध्याकाळी नुसता चहा. उन्हानं डोळ्यांपुढे अंधारी आली की भिंतीला धरून उभी राहायची आणि मनात दिवस मोजायची.

आणि लाडू. भीमाबाईंनी गिरणीतून सुटताना मिळालेल्या पैशांतून साजूक तूप, डिंक, खारीक आणून डबाभर लाडू वळले होते. रोज सकाळी एक लाडू सुनेच्या हातावर ठेवायच्या. "खाऊन घे वं." गोपिका म्हणायची, "पोरीले घेतलं की खाते, आत्याबाई." आणि त्या पाणी भरायला गेल्या की लाडू कागदात गुंडाळून आपल्या ट्रंकेत, त्या पांढऱ्या कुडत्याच्या घडीत ठेवून द्यायची. बाहेर टाकला तर कोणी बघेल, आणि टाकवतही नव्हता. ट्रंक दुसरं कोणी उघडत नसे.

सोमवारी ती पोरीला घेऊन केंद्रात गेली. टोचायची तारीख होती. नर्स प्रयागबाईंनी पोरीला झोळीत घातलं, झोळी काट्याला अडकवली आणि कपाळाला आठी घालून बघत राहिल्या. मग पोरीला काढलं, काटा शून्यावर आणला, पुन्हा घातलं.

"चार," त्या म्हणाल्या. "मागच्या खेपेले साडेचार होती. चवथा महिना चालू हाय ना वं? सहाच्या घरात पाह्यजे होती पोरगी. बिमार होती का?"

"नाई."

"हगवण?"

"नाई. चांगली हाय. रडत बी नाई फारशी."

प्रयागबाईंनी तिच्याकडे बघितलं, पायापासून डोक्यापर्यंत.

"रडाले ताकद लागते, बाई," त्या म्हणाल्या. "तू काय खाऊन राहिली?"

प्रयागबाईंनी तिचा दंड धरला, डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली, आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "अंगावरचं मांस हाय तसंच राह्यते, आन दूध आटते. उपाशानं हेच होते. लेकराचं पोट तुह्याच पोटावर हाय ना?"

बाहेरच्या बाकावर बसून गोपिकानं बटव्यातून कालचं तिकीट काढलं. पासष्ट. त्यातून साडेचार नव्हे, चार वजा करायचे. एकसष्ट. तिनं पुन्हा केलं, बोटांवर केलं. महिनाभर पळून, उपाशी राहून जो एक किलो उतरला म्हणून काल ती नाचायची बाकी होती, त्यातला अर्धा किलो पोरीचा होता. मशीननं काही खोटं सांगितलं नव्हतं. त्यानं दोघींचं वजन सांगितलं आणि तिनं सगळं उतरलेलं आपल्या नावावर घेतलं. "कोनाचं?" असं चंद्रभाननं विचारलं होतं, ते तिला आठवलं. तिनं तिकिटाचे तुकडे केले आणि पोरीच्या टाळूवर तोंड ठेवून, येणाऱ्या-जाणाऱ्यांची पर्वा न करता, ती हमसून हमसून रडली. आपण आपल्या लेकीला खाल्लं, असंच तिला वाटत होतं.

घरी पोचली, तर दारातच भीमाबाई बसल्या होत्या. पुढ्यात ट्रंक उघडी. भिंतीवरून काळ्या मुंग्यांची धार खाली उतरून ट्रंकेत शिरली होती. कुडत्यावर तुपाचे पिवळे डाग, आणि बाजूला कागदातून सोडवलेले सगळे लाडू.

"मुंग्यांनी सांगतलं," भीमाबाई म्हणाल्या. "मले वाटे, सून खाऊन राहिली."

गोपिका उभ्याची खाली बसली. केंद्रातलं सगळं तिनं सांगितलं, तिकिटाचंही सांगितलं. भीमाबाई ओरडतील म्हणून ती वाट बघत होती. तिला ते हवंही होतं. भीमाबाईंनी नुसती नात मांडीवर घेतली.

"इचं नाव म्या सुजाता काहून ठेवलं, सांग."

मग त्याच सांगू लागल्या.

"बुद्ध उपाशी बसू बसू हाडाचा सापळा झाला होता. काई हाती लागलं नाई. मंग सुजातानं खीर देल्ली, तवा कुठं. त्यालेबी समजलं, उपाशानं काई होत नाई. तुले कवा समजन, बाप्पा?"

त्यांनी एक लाडू उचलला, मुंग्या फुंकून उडवल्या आणि तिच्यापुढे धरला. गोपिकानं तो खाल्ला. नोकरी गेली, हे तिला त्या पहिल्या घासालाच कळलं, आणि तरी ती खात राहिली. तोंडातल्या घासाबरोबर डोळ्यांचं पाणीही गिळत होती. भीमाबाईंनी दुसरा पुढे केला.

महिनाभरात पोरगी पालटली. आधी रडायला लागली, आणि तिचं ते कर्कश रडणं ऐकून घरातल्या तिघांना बरं वाटलं. मग मांड्यांना वळ्या पडल्या. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात प्रयागबाईंनी कार्डावर साडेपाच लिहिलं. गोपिका स्टेशनवर डबा घेऊन जायची, पण मशीनकडे बघायची नाही.

शाळा चार दिवसांवर आली, तेव्हा भीमाबाई कुडता घेऊन बसल्या. डाग त्यांनी रिठ्यानं काढले होते. बाजूची शिवण उसवली की आतलं कापड सोडून चार बोटं वाढवता येईल, हा त्यांचा हिशेब. शिंपी आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतो, त्याला माया म्हणतात. अंग भरलं तर उपयोगी पडावी म्हणून ती ठेवायची असते. भीमाबाईंनी शिवण उसवली, उलटी करून उजेडात धरली आणि नत्थूजींना शिवी हासडली.

"मायाच नाई ठेवली मेल्यानं! सुताएवढी नाई."

गोपिका म्हणाली, "राहू द्या, आत्याबाई. नशिबातच नाई तं."

"नशीब कायचं? कापड हाय ते."

त्यांनी आपलं धुवट पांढरं लुगडं काढलं, पदराकडचा भाग कातरीनं कापला आणि कुडत्याच्या दोन्ही बाजूंना बाहीपासून काखेतून खालपर्यंत पट्ट्या लावल्या. बारीक टाके, एकाशेजारी एक. कुडता अंगात आला. लुगड्याचं पांढरं कुडत्याच्या पांढऱ्यापेक्षा जरा पिवळट होतं, पण लांबून कळत नव्हतं.

"आता ठेवली माया," भीमाबाई दाताने दोरा तोडत म्हणाल्या. गोपिकाला त्या क्षणी खरंच वाटलं की जमेल.

सव्वीस जूनला प्रार्थनेच्या आधी ती यमुताईंच्या खोलीत उभी होती, टाचा जुळवून. यमुताई वाईट बाई नव्हत्या. त्यांनी चष्मा वर केला, काखेखालच्या पट्ट्यांकडे बघितलं, मग कमरेकडे.

"पट्टा?"

पट्टा हातात होता. गोपिकानं तो कमरेभोवती धरला. दोन टोकांमध्ये चार बोटांचं अंतर राहिलं. तिनं श्वास आत ओढला. तीन बोटं.

"राहू द्या हो," यमुताई हळूच म्हणाल्या.

"बाई, मी पळून दाखवते. मैदानाला दहा चकरा मारते, आत्ता. आवाज माझा तसाच आहे. मुली ऐकतात माझं. पट्टा मी नवीन घेईन."

"गोपिकाबाई, कवायतीच्या बाईकडे बघून मुली शिकतात. हसतील त्या. आणि संस्थेनं ठरवलंय. मी तरी काय करू?" त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. "घरी बाळ आहे तुमचं. आता तेच बघा. पुढच्या वर्षी जागा निघाली तर कळवीन."

गोपिकानं पाणी घेतलं नाही. पट्टा टेबलावर ठेवला, गळ्यातली शिट्टी काढली, तिची दोरी नीट गुंडाळली आणि त्याच्याशेजारी ठेवली. दोन्ही शाळेच्या मालकीची होती. "येते बाई," म्हणून ती बाहेर पडली.

मैदानाच्या कडेनंच फाटकाकडे जावं लागायचं. मुली रांगेत उभ्या होत्या. काहींनी तिला ओळखलं, एक-दोघींनी हात हलवला. तिला घाईनं निघून जायचं होतं. तेवढ्यात बदली बाईंची शिट्टी वाजली.

"साव... धान!"

तीनशे पाय आपटले आणि त्यांच्याबरोबर गोपिकाचेही. टाचा जुळल्या, हात मांड्यांना चिकटले, नजर समोर. फाटकापासून दहा पावलांवर ती तशीच उभी राहिली. साडेदहा होत आले होते, पोरीची प्यायची वेळ. तिची छाती भरून आली, दूध आपोआप सुटलं आणि कुडत्यावर दोन ओले डाग पसरत गेले, अगदी भीमाबाईंच्या टाक्यांपर्यंत. पुढच्या रांगेतल्या मुली बघत होत्या. ओढणी मोकळी करून पुढे घेणं एका हाताचं काम होतं. पण सावधानमध्ये हात हलवायचा नसतो, हे तिनंच या मुलींना शिकवलं होतं.

"विश्राम" ऐकू आल्यावर तिनं ओढणी पुढे घेतली आणि घराकडे भराभर चालू लागली.