निळ्या दाराची खोली

मित्रांनो, जिन्याखाली मोडक्या खुर्च्यांमध्ये पुठ्ठ्याची एक इमारत पडली आहे, ती मी. ज्या सरकारी कार्यालयाचा हा जिना, त्याचीच मी छोटी प्रतिकृती. माझी कहाणी सांगण्याजोगी आहे की नाही, कोण जाणे. पण मनात राग आहे, आणि तो कुणापुढे तरी बोलून दाखवायला हवा.

वास्तुविशारदाच्या टेबलावर माझा जन्म झाला. माझे छप्पर डब्याच्या झाकणासारखे उचलता येई. वरच्या मजल्याच्या टोकाला काडेपेटीएवढी एक खोली होती. तिला निळे दार होते. ते बायकांचे स्वच्छतागृह.

नवी इमारत जुन्या कार्यालयाच्या आवारातच उभी राहायची होती, आणि जुन्यात ती सोयच नव्हती. तिथल्या एका टंकलेखिकेला सगळ्या बायका ताई म्हणत. त्या आणि बाकीच्या बायका रस्ता ओलांडून समोरच्या शिंप्याच्या घरी जात. शिंप्याची बायको तोंड वाकडे करून किल्ली देई. मला कार्यालयातल्या टेबलावर मांडले तेव्हा ताईंनी छप्पर उचलले, निळे दार शोधले आणि म्हणाल्या, "सुटलो गं बाई एकदाच्या!" माझे एवढे मनापासून कौतुक पुन्हा कुणी केले नाही.

मग खर्चाच्या बैठका सुरू झाल्या. मोठ्या साहेबांना प्रवेशद्वाराशी संगमरवरी खांब हवे होते. मंजूर झालेला पैसा तेवढ्याला पुरेना.

"कुठून तरी कापा," साहेब म्हणाले.

अभियंत्याने निळ्या दारावर बोट ठेवले. "ही गेली की खांब बसतात." त्याने पातीने खोली उचकटली आणि खिशात टाकली.

ताई कोपऱ्यात बैठकीचे टिपण घेत होत्या. त्यांची पेन्सिल थांबली. "साहेब, मग आम्ही जायचं कुठं?"

"इतकी वर्षं जाताय तिथंच, बाई. शिंपी काय घर सोडून पळालाय?"

सगळे हसले. आपण काहीच बोलू शकत नाही, याची मला त्या दिवशी फार लाज वाटली.

इमारत उभी राहिली. खांब तर असे चकचकीत, की साहेब येता-जाता त्यांत केस नीट करत. उद्घाटनाच्या सकाळी मला काचेच्या पेटीत ठेवायचे होते. पाहुण्यांना रिकामी जागा दिसू नये म्हणून अभियंत्याने ती खोली डिंकाने परत चिकटवली.

पाहुण्यांनी पेटी उघडून, छप्पर उचलून आत डोकावले. "वा! बायकांचाही विचार केलात."

साहेबांनी नम्रपणे मान झुकवली.

"पाहुण्यांना प्रत्यक्षच दाखवा ना, साहेब," मागून ताई म्हणाल्या.

"बाई, वेळ बघून बोला!"

"आमची वेळ तुम्ही कधी बघितलीत?"

पाहुण्यांनी घड्याळ पाहिले आणि ते जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी मला जिन्याखाली हलवण्याचा हुकूम सुटला. शिपाई मला उचलून साहेबांच्या उघड्या दारासमोरून नेत असताना ताई आडव्या आल्या. त्यांनी नखाने ती खोली सोडवली आणि तडक साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"हे काय?"

"तुम्ही बांधलेली खोली. आम्ही मावत नाही यात. तुम्हीच वापरा."

शिपायाला हसू आवरेना. मी त्याच्या हातातून पडता पडता वाचले.

ताई अजून रस्ता ओलांडतात. मित्रांनो, माझी धूळ झटकू नका. पण काचेतली अशी सुबक इमारत कुणी दाखवली, तर टाळ्या वाजवण्याआधी तिचे छप्पर उचला, आणि मग खऱ्या इमारतीत जाऊन तीच खोली शोधा. माझ्या वरच्या मजल्यावर आता वाळलेल्या डिंकाचा एक चौकोन उरला आहे. माझ्यात तेवढेच खरे आहे.