बादलीचं पार्श्वसंगीत

भाच्याच्या चित्रपटात एक बादली होती आणि तिच्यावर गळणारा नळ. तासभर एवढंच. बादली मामीची, तिच्या तळाला भोक, त्यामुळे ती शेवटपर्यंत भरायची नाही. यालाच कथानक म्हणायचं. अशा चित्रपटाला जॅझची साथ दिली की तो प्रयोगशील होतो. नाही दिली तर ती नळाची तक्रार होते.

जॅझ मामांकडे होतं. ऐन उमेदीत ते हॉटेलातल्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे. मग बँड मोडला, दात पडले, आणि कवळी आल्यापासून सॅक्सोफोन पलंगाखाली गेला. भाच्याने विचारलं तेव्हा मामा "छे, छे, आता कुठलं" म्हणाले आणि त्याच संध्याकाळी पेटीवरची धूळ पुसायला बसले. रोज समोर बादली ठेवून सराव चालला. शेजाऱ्यांनी भिंत बडवली. मामीने कानात कापूस घातला.

रेकॉर्डिंगच्या दिवशी मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले.

"आधी जरा तोंड मोकळं करतो. हे घेऊ नकोस हं. दात सरकतायत."

"नाही घेत," भाचा म्हणाला आणि त्याने मशीन चालू केलं.

पुढे सॅक्सोफोनमधून जे बाहेर पडलं ते कुठल्याही सभ्य घरात कुणी सहन केलं नसतं. किंचाळी, फुसकी, थुंकीची गुळगुळ, मध्येच कवळीची टकटक. भाच्याच्या अंगावर काटा आला. बादलीला हवा होता तो आवाज हाच!

"हं, आता घे," म्हणत मामांनी डोळे मिटले आणि खरंखुरं वाजवायला लागले. ते गोड होतं, भरलेलं होतं. फुटक्या बादलीला अजिबात शोभणारं नव्हतं. भाच्याने मशीन बंद केलं. मशीनवरचा लाल दिवा विझला. मामांना थांबवायला हवं होतं, पण थांबवायचं तर कारण सांगायला हवं, आणि सांगायला तोंड हवं. तो नुसता मान डोलवत बसला. मामा तासभर बंद माइकसमोर जीव ओतत राहिले.

पुढेही सांगायचं राहूनच गेलं. एकदा मामा जेवत होते. एकदा फारच खुशीत होते.

पहिल्या खेळाला मामा आपल्या बँडमधल्या ड्रमवाल्याला आणि ट्रम्पेटवाल्याला घेऊन आले. सोबत सॅक्सोफोनही, कुणी आग्रह केलाच, तर असावा.

दिवे मालवले. पडद्यावर बादली आली आणि पहिली किंचाळी फुटली. ड्रमवाल्याने मामांकडे पाहिलं. मामांनी स्वतःच्या बुटांकडे.

"कवळी का रे?" ट्रम्पेटवाल्याने हळूच विचारलं.

"अहो, आमची बादली!" मामी शेजारच्या अनोळखी बाईला अभिमानाने सांगत होती.

टाळ्या कडाडल्या. एक दाढीवाले समीक्षक उठले. "ती दातांची टकटक! म्हाताऱ्या शरीराची अशी निर्लज्ज कबुली! वादकाला हे धाडस सुचलं कुठून?"

धरणीमातेने पोटात घ्यावं असं भाच्याला वाटलं, पण खाली पार्किंग होतं.

मामा उभे राहिले. "भाच्याने सांगितलं तसं वाजवलं," म्हणाले आणि बसले. पुन्हा टाळ्या.

बाहेर पडताना भाच्याने धावत जाऊन सॅक्सोफोनची पेटी उचलली. तेवढंच करण्यासारखं उरलं होतं. बाकीची मंडळी पुढे गेली होती.

"ते दुसरं कुठाय रे? नीट वाजवलेलं?" मामांनी विचारलं. "त्या दोघांना ऐकवलं असतं."

भाच्याने पेटी या हातातून त्या हातात घेतली.

"मी मध्ये एकदा डोळे उघडले होते. लाल दिवा विझलेला दिसला." मामा थांबले. "म्हटलं, बल्ब गेला असेल."

भाच्याच्या घशात एक वाक्य आलं होतं. तो दुसरंच बोलला.

"हो. बल्बच."

"वाटलंच मला."

मामांनी त्याच्या हातातून पेटी काढून घेतली. पाठ वळवून कवळी काढली, रुमालात गुंडाळून खिशात घातली. मग त्याच्याकडे तोंड करून बरंच काहीतरी बोलले, सावकाश, एकेका शब्दावर जोर देत. त्या बोळक्यातून भाच्याला एक अक्षर कळलं नाही. पुन्हा विचारायची त्याची छाती झाली नाही.