मातीतली मूठ

घरीदारी सगळे तिला भिंगरी म्हणत, पण तिच्या डाव्या हातापायाला हे कुणी सांगितलंच नव्हतं. बाबा तिला उचलून सगळीकडे न्यायचे. हल्ली मात्र तिला खाली ठेवलं की ते कंबर धरून जरा थांबत, आणि भिंगरीच्या नजरेतून ते सुटत नसे. म्हणून तिने मनाशी ठरवलं होतं: वॉकर बनवून देणाऱ्या केंद्राच्या या खोलीतून बाहेरच्या बाकावर बसलेल्या बाबांपर्यंत आपण आपल्या पायांनी जायचं.

वॉकर तयार होता. त्याच्या मुठी कॉम्प्युटरवर आखणाऱ्या ताईने भिंगरीच्या उजव्या हाताचं माप घेतलं होतं आणि आरशात दिसावी तशी त्याची उलटी प्रत काढून डावी मूठ बनवली होती. पडद्यावर दोघी अगदी जुळ्या बहिणी! पण डावी मूठ धरली की भिंगरीची बोटं घसरायची आणि वॉकर भलतीकडेच वळायचा.

"माझा हातच वाकडा आहे," भिंगरी पुटपुटली.

"हात नाही गं, माझं डोकं वाकडं चाललं. डाव्याचं माप उजव्याला विचारत बसले. शहाणीच की मी!"

ताईने मऊ मातीचा गोळा तिच्या डाव्या हातात दिला. "दाब. जमेल तसा."

भिंगरीने दात-ओठ खाऊन दाबला. मातीत खळगे उमटले. एक खोल, एक उथळ, अंगठ्याचा तर तिरकाच. ताईने तो गोळा फिरत्या तबकडीवर ठेवला. कॅमेऱ्यासमोर तो सावकाश फिरला आणि पडद्यावर ठिपक्याठिपक्यांनी तोच आकार उगवू लागला. भिंगरी पडद्याकडे झुकली.

"हे मी केलं?"

"मग कुणी? मला सात जन्मांत सुचलं नसतं."

मग मूठ घडवणाऱ्या यंत्राची सुई वितळलेल्या प्लास्टिकचा केसासारखा धागा सोडत फिरू लागली. थरावर थर. हवेतून आपला हात उतरतोय, असं भिंगरीला वाटलं. जेवायचंही ती विसरली.

दुसऱ्या दिवशी ताईने नवी मूठ बसवली. बोटं आपापल्या खळग्यांत जाऊन बसली, जणू घरी आली. वॉकर सरळ निघाला. खोली, उंबरठा, लांबलचक व्हरांडा.

बाबा ताडकन उठले. सवयीने त्यांचे हात पुढे झाले.

"बाबा, बसा! मी येतेय."

बाबा बसले. भिंगरी धापा टाकत त्यांच्या गुडघ्यांशी येऊन थांबली. बाबांनी डोळे पुसले, त्या वेड्यावाकड्या मुठीवरून हात फिरवला आणि अंगठ्याच्या खळग्यात आपला अंगठा घालून पाहिला.

"माझा नाही गं बसत."

"कसा बसेल?" भिंगरी हसली. "तो माझा आहे."