विधवेला मिळालेली खोली

आमच्या दाराला पाटी नाही. आत सोळा खाटा, दोन न्हाणीघरं, एक स्वयंपाकघर, आणि घरच्याच माणसाच्या हातचा मार खाऊन आलेल्या बायका. बाहेर लोकांना वाटतं, नोकरीवाल्या मुलींचं वसतिगृह आहे. वाटू दे. पत्ता फुटला की आम्ही संपलो. मी इथली राखणदारीण, स्वयंपाकीण आणि भांडणं सोडवणारी, सगळं एकच. पोरीबाळी मला मावशी म्हणतात आणि माझ्या तोंडाला घाबरतात. घाबरावंच. मऊ बोलून सोळा बायकांचं घर चालत नाही.

दाराच्या आतल्या अंगाला एक फळी आहे. तिच्यावर नवऱ्यांचे फोटो लावलेले असतात, बहुतेक लग्नातले. एकेक असा हसतोय, जसं काही आयुष्यात मुंगीसुद्धा मारली नाही. घंटा वाजली की आधी दारातली झडप उघडायची, बाहेरचं तोंड बघायचं, फळीवर बघायचं, मग कडी.

ती आली तेव्हा तिचा डावा हात गळ्यात बांधलेला होता आणि उजव्या हाताला सात वर्षांची मुलगी. मी तिचं नाव हळूबाई ठेवलं. दार लावायची ते आवाज न करता, भांडं ठेवायची ते आवाज न करता, खोकला आला तर पदर तोंडात कोंबायची. नवऱ्याला आवाजाचा त्रास व्हायचा म्हणे. मुलगीही तशीच. तिला मी पिटू म्हणायचे, आणि ती माझ्यामागे पीठ मळताना, भाजी निवडताना मुकाट्यानं उभी असायची.

आमच्याकडं सहा महिने राहता येतं. तेवढ्यात जखम भरायची, कोर्टात अर्ज करायचा, काम शोधायचं आणि खोली मिळवायची. हे ज्यांनी ठरवलं त्यांनी उंटावरून शेळ्या हाकल्या. जखम भरते. काम मिळतं, हळूबाईलाही मिळालं, इस्पितळाच्या धुलाईखात्यात चादरींच्या घड्या करायचं. खोली मिळत नाही.

अकरा खोल्या बघितल्या आम्ही. मी दर वेळी बरोबर, तिची सख्खी मावशी म्हणून. पहिला प्रश्न सगळीकडं एकच, नवरा काय करतो. वेगळी राहते म्हटलं की लोकांच्या चेहऱ्यावर पडदा पडतो. एकीनं सांगितलं, आम्हाला लफडी नकोत. एकानं सांगितलं, नवऱ्याची चिठ्ठी आणा, माझी हरकत नाही अशी. आणि एक म्हातारा म्हणाला, एकटीला देतो की, आनंदानं देतो, आणि ज्या नजरेनं म्हणाला त्या नजरेला मी जिन्यातच उत्तर दिलं. ते इथं सांगण्यासारखं नाही.

सहा महिने संपायला दहा दिवस उरले होते तेव्हा बारावी खोली बघायला गेलो. घरमालकीण पन्नाशीची, गोल चेहऱ्याची, हाताला कणीक लागलेली. तिनं विचारलं, हिचे यजमान? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, गेले हो, दोन वर्षं झाली. फुप्फुसाचं दुखणं होतं.

त्या बाईचा चेहरा असा काही विरघळला की मलाच लाज वाटली. तिनं पिटूला जवळ ओढलं, बिचारं लेकरू म्हणाली, आणि किल्ली घेऊन आमच्यापुढं जिना चढली. वरची खोली, एक खिडकी, मोरी आतच. दाराला आतून अंगठ्याएवढी जाड कडी. हळूबाईनं भिंती बघितल्या नाहीत, नळ बघितला नाही. ती कडी तेवढी तिनं तीन वेळा लावून काढून बघितली.

परत येताना रस्त्यात म्हणाली, मावशी, आपण खोटं बोललो. मी म्हटलं, बरं झालं, सुंठीवाचून खोकला गेला. तर ही बया हसली. सहा महिन्यांत पहिल्यांदा तिचं हसू आवाजासकट ऐकलं मी.

पिटूला शिकवावं लागलं. कुणी विचारलं तर सांगायचं, बाबा देवाघरी गेले. तिनं मला विचारलं, "म्हणजे ते परत येणार नाहीत ना?" मी म्हटलं नाही. तिनं विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, नक्की. पोरगी नाचतच खाटेवर जाऊन बसली. बाप मेल्याचं ऐकून नाचणारं लेकरू तुम्ही बघितलंय का? मी बघितलंय.

तीन महिने चांगले गेले. सुट्टीच्या दिवशी एकदा गेले होते मी चहाला. हळूबाईनं पातेलं ओट्यावर दाणकन ठेवलं आणि माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. पिटू शाळेत जायची, आई कामावरून येईपर्यंत घरमालकिणीकडं बसायची, तिच्या हातचं खायची. बाई चांगली होती हो. वाईट असती तर मला आज तिला मनापासून शिव्या तरी देता आल्या असत्या.

पुढचं मला त्या घरमालकिणीनंच नंतर सांगितलं. तिचा भाऊ सरकारी कचेरीत होता. तो एकदा बोलता बोलता म्हणाला की विधवांना पेन्शन मिळतं, तुझ्या भाडेकरणीला का नाही लावून देत. घरमालकिणीला कोण आनंद. तिनं हळूबाईला सांगितलं, तर ही नको म्हणाली, माझं भागतंय म्हणाली, पुन्हा विचारलं तर कामाला उशीर होतोय म्हणून निघून गेली. बाईला वाटलं, मानी आहे, हात पसरायला लाजतेय. मग तिनं ठरवलं, आपणच करून टाकू आणि हातात कागद ठेवून तिला चकित करू.

अर्जाला नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला लागतो. पिटूच्या दप्तरात लस टोचल्याचं जुनं कार्ड होतं, त्यावर जुना पत्ता आणि फोन. हळूबाई कामावर असताना बाईनं तो नंबर लावला. सासरचं कुणी तरी असेल म्हणून गोड आवाजात सांगितलं, तुमच्याकडचे जे वारले ना, त्यांच्या दाखल्याची नक्कल हवी होती, त्यांच्या बायकोला पेन्शन मिळेल. पलीकडच्या माणसानं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला, "कुठं आणून देऊ?" आणि या माउलीनं त्याला सगळा पत्ता दिला. पिठाच्या गिरणीपासून डावीकडं वळा, हिरवं फाटक, वरचा मजला.

तो दुसऱ्याच दिवशी दुपारी आला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात फळांची पिशवी. जिन्यात बसून रडला. मीच तो मेलेला नवरा, म्हणाला. हळूबाईची त्या दिवशी सुट्टी होती, आणि बरं नाही म्हणून पिटूही शाळेला न जाता घरी. जिन्यातला आवाज ऐकून तिनं कडी लावली होती. दार घरमालकिणीनं ठोठावलं, अगं मी आहे, उघड. त्या आवाजाला तिनं उघडलं.

बाई तिला काय काय बोलली ते सांगताना तिची स्वतःची मान खाली होती. जिवंत माणसाला मारलंस तू. माझ्या घरात राहून, माझ्या हातचं खाऊन. आजच्या आज खोली खाली कर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. जिवंत नवरा मेला म्हणून सांगायची पाळी एखाद्या बाईवर का येते, एवढा एक प्रश्न तिला सुचला नाही. तोच उलट हात जोडून म्हणत होता, तिला रागावू नका, भोळी आहे, कुणीतरी शिकवलंय तिला. एवढं बोलून त्यानं तिचा फोन उचलला आणि सहज आपल्या खिशात टाकला. घरमालकीण त्याच्यासाठी चहा टाकायला खाली गेली, आणि तो खिडकीशी उभा राहिला. तेवढ्यात हळूबाई पिटूला घेऊन मागच्या जिन्यानं निघाली. पायात चप्पलही नव्हती.

त्यानं तिला जाऊ दिलं. मला पक्कं माहीत आहे. शिकवणारं कोण, ते त्याला बघायचं होतं.

दोन वाजता घंटा वाजली. मी झडप उघडली तर ही, घामाघूम, पाय धुळीनं भरलेले, हाताला पिटू. माझा हात कडीवर गेला. आणि तिच्या खांद्यावरून मला कोपऱ्यावरची रिक्षा दिसली. मागच्या सीटवर पांढरा शर्ट, मांडीवर पिशवी. तो काही घाईत नव्हता.

आमच्याकडं एक नियम आहे आणि तो मी केलेला आहे. बाईच्या मागावर माणूस असेल तर दार उघडायचं नाही, मग बाहेर कुणी का असेना. चार वर्षांपूर्वी मी असंच दया येऊन दार उघडलं होतं. तिच्या मागून तिचा दीर आत घुसला. एका बाईचा डोळा गेला, आणि ती बाई त्याची कुणी लागतही नव्हती. हळूबाई दारात उभी होती त्या दुपारी आत चौदा बायका होत्या आणि नऊ मुलं.

मी पुटपुटले, मागं बघू नकोस, तो आलाय. तिनं मागं बघितलं नाही. मी म्हटलं, सरळ चौकीकडं चालायला लाग, मी फोन करते. तिनं मानेनंच नाही म्हटलं. तिच्या आधी मला कळायला हवं होतं. ती इथून गेली तरी तो या दाराशी येणार होता, हे घर कुणाचं म्हणून विचारायला. हळूबाईनं माझ्या तोंडाकडं एकदा बघितलं, आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात विचारलं,

"डॉक्टरीणबाईंचा दवाखाना हाच का हो? मुलीला ताप आहे."

पिटू म्हणाली, "आई, ही तर आपली मावशी."

तिनं पोरीच्या तोंडावर हात ठेवला. मला उत्तर देणं भाग होतं.

"इथं कुणी डॉक्टर नाही," मी म्हटलं. "पुढच्या गल्लीत विचारा."

आणि झडप लावली. मीच लावली, दुसऱ्या कुणी नाही. फटीतून बघत राहिले. ती कोपऱ्यापर्यंत गेली. त्यानं सरकून जागा केली, पिटूला मांडीवर घेतलं आणि पिशवीतून काहीतरी काढून तिच्या हातात दिलं. रिक्षा वळली. आमच्या दाराकडं त्यानं एकदा बघितलं, पण फार वेळ नाही.

मी तिथल्या तिथं पोलिसांना फोन केला. पलीकडच्यानं विचारलं, त्यानं तुमच्यासमोर हात उचलला का. नाही. ओढून नेलं का. नाही. मग ती आपल्या पायानं रिक्षात बसली का. हो, बसली. तर म्हणाला, बाई, नवराबायको घरी चाललेत, आम्ही त्यात काय करायचं? आमची संस्था चालवणाऱ्या मॅडम दुसऱ्या दिवशी एका शिपायाला घेऊन जुन्या पत्त्यावर गेल्या. कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, पोरीला आणि बायकोला घेऊन सकाळीच सामान भरलं त्यानं, कुठं ते सांगितलं नाही. बायको चालत होती का, मॅडमनी विचारलं. शेजारीण म्हणाली, लक्ष दिलं नाही.

मॅडम म्हणतात, मी बरोबर केलं. आतल्या चौदाजणीही म्हणतात. एकीनं तर माझे पाय धरले. मला त्या दिवसापासून कुणाचं तोंड बघवत नाही. नऊ लेकरं वाचवली म्हणे. दहावीनं मला हाक मारली होती.

आठवड्यानं मी त्या घरमालकिणीकडं गेले. भांडायलाच गेले होते, तोंडात येईल ते बोलले, सगळी गल्ली गोळा झाली. ती पायरीवर बसून ऐकत होती. तिनं सगळं सांगितलं, फोनचं, चहाचं, काही लपवलं नाही. मग रडायला लागली. म्हणाली, मला काय माहीत हो, तुम्ही खरं सांगितलं असतंत तर असं झालं नसतं.

मी विचारलं, "खरं सांगितलं असतं, तर खोली दिली असतीत?"

तिनं डोळे पुसले, जिन्याकडं बघितलं, खरोखर विचार केला.

"नाही," ती म्हणाली.

मग ती उठून आत गेली आणि पिटूचं दप्तर आणून तिनं माझ्या हातात दिलं. ते कुठं पोचवायचं हे तिला माहीत नव्हतं, आणि मलाही.