ब्रेकवरचा पाय

आमच्या ह्यांना सायटिका झाली आणि सगळ्या गल्लीला डॉक्टरकीची पदवी मिळाली. कोणी कमरेचा पट्टा आणून दिला, कोणी जमिनीवर झोपायला सांगितलं, कोणी जमिनीवर मुळीच झोपू नका म्हणून बजावलं. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी तर स्वतःच्या नवऱ्याचे एक्स-रे आणून आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरले. ह्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि कोणाचंच केलं नाही. ते मला नवीन नव्हतं.

हे गाडी चालवायला शिकवतात. शिकवायच्या गाडीत दुसरा ब्रेक असतो, शिकवणाऱ्याच्या पायाशी. शिकणाऱ्याचा अंदाज चुकला तर गुरुजींनी दाबायचा. इतरांच्या गाडीत तो अडीअडचणीला असतो. ह्यांच्या गाडीत गाडी थांबते ती त्यानेच. रस्ता मोकळा असला तरी ह्यांचा उजवा पाय तिथे रोवलेला आणि पोटरी ताणलेली. विद्यार्थी पाठीमागे ह्यांना ब्रेकसर म्हणतात.

ही सवय गाडीतच राहिली असती तर मी चकार शब्द काढला नसता. पण टीव्हीवरची गाडी वळणावर आली की हे सोफ्यावर बसून फरशी दाबणार. मी कढईत जरा सढळ हाताने तेल ओतलं की टेबलाखाली पाय. लेकीने फोनवर नोकरी बदलतेय म्हणून सांगितलं, तेव्हा तर टाच फरशीत रुतते की काय असं वाटलं. आणि मी गाडी शिकवा म्हटलं, की ठरलेलं उत्तर : "तुला कशाला? मी आहे ना!" अर्ध्या शहराला गाडी शिकवली ह्या माणसाने. बायको मात्र आयुष्यभर मागच्या सीटवर, भाजीच्या पिशवीशेजारी.

सर्जन भला माणूस होता. म्हणाला, "मणक्यातली चकती सरकलीय, शीर दाबली जातेय, म्हणून उजवा पाय दुखतोय. चालत राहा, व्यायाम करा. बहुतेकांचं ऑपरेशनशिवायच बरं होतं. पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर मात्र तडक या. नाहीतर दोन महिन्यांनी बघू. तेव्हाही असंच असलं तर ऑपरेशनचा विचार करू."

एवढ्या बोलण्यातला ह्यांनी ऐकला तो फक्त 'ऑपरेशन' हा शब्द. घरी येईपर्यंत तोंडचं पाणी पळालं होतं. चिरफाडीची भीती नव्हती म्हणे.

"भूल देतील गं," हे म्हणाले. "मी झोपलेला, आणि सगळं दुसऱ्याच्या हातात."

हा माणूस कितीही डोकं खात असला, तरी टेबलावर निपचित पडलेला मला नको होता.

फिजिओथेरपीची मुलगी निघाली ह्यांचीच जुनी विद्यार्थिनी. 'तुला ह्या जन्मात जमायचं नाही' असं सांगून ह्यांनी जिला रडवत घरी पाठवलं होतं, ती. आता ह्यांचा पाय तिच्या हातात होता, आणि मी खुर्ची जवळ ओढून बसले.

"सर, पाय सैल सोडा," ती म्हणाली.

"सोडलाय."

"नाही सोडलेला. बघा हं." तिने हात काढून घेतला. पाय तसाच हवेत राहिला.

आम्ही तिघंही त्या पायाकडे बघत राहिलो.

"शीर आधीच दुखावलीय, आणि तुम्ही पाय ताणून तिला आणखी चिडवताय," ती म्हणाली. "बसणं कमी करा. रोज चाला. पालथं झोपून कोपरांवर उठायचं, ते मी दाखवते. आणि ब्रेक दाबायचा नाही."

"मी कित्येक दिवसांत शिकवायच्या गाडीत बसलोसुद्धा नाही!"

"सर, तुम्ही आत्ताही दाबताय."

व्यायामाने गुण येत होता. पण क्लिनिकमधून यायचं टॅक्सीने, आणि टॅक्सीत हे पूर्ण रस्ताभर ब्रेक दाबणार. मुलीने तासभर खपून मोकळा केलेला पाय घरी पोचेपर्यंत पुन्हा ताठ. एका टॅक्सीवाल्याने तर गाडी बाजूला घेऊन हात जोडले, "काका, तुम्हीच चालवता का?"

मुलीनेही शेवटी हात टेकले. "काकू, असं चाललं तर दोन महिन्यांनी ऑपरेशनच. जवळच तर यायचंय, मागच्या सीटवर आडवं पडून येऊ दे. आणि ज्याच्यावर सरांचा भरवसा आहे अशा कोणालातरी गाडी चालवू दे."

"असा माणूस अजून जन्माला यायचाय," हे पालथे पडल्या पडल्या म्हणाले.

माझ्या पर्समध्ये नवाकोरा परवाना होता. हे दुखण्याने घरी बसल्यापासून मी सकाळी 'फिरायला' जात होते ती रस्त्यापलीकडच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. तिथल्या सरांचं ह्यांनी आयुष्यात नाव घेतलं नाही. 'तो समोरचा' म्हणतात. 'मांडी घालून बसतो हो गाडीत! शेंगदाणे खातो!' हे अगदी खरं आहे. तो मांडी घालून शेंगदाणे खातो, त्यामुळे ब्रेक आपल्यालाच दाबावा लागतो, त्यामुळे तो दाबायला येतो.

पुढच्या खेपेला मी आमचीच गाडी दाराशी आणली. ह्यांनी सवयीने पुढचं दार उघडलं.

"मागे," मी म्हटलं. "आडवं पडायचं. तिने सांगितलंय."

"परवाना?" मागे आडवे होता होता ह्यांनी विचारलं.

"आहे."

"शिकवलं कोणी?"

"समोरच्यांनी."

ह्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. पण एकदा आडवं झाल्यावर उठायचं म्हणजे आधी कुशीवर वळा, मग कोपर टेका. तेवढ्यात मी गल्लीच्या बाहेर पडले होते.

चौकात एक सायकलवाला मान खाली घालून आडवा आला. मी ब्रेक दाबला, गाडी थांबली, तो गेला. मागून धाडकन आवाज आला.

"तू दाबलास?" ह्यांनी विचारलं.

"हो."

"मीपण दाबला."

"तुमचा दाराला लागला."



आडव्या माणसाला रस्ता दिसत नाही. दिसतं ते आभाळ आणि विजेच्या तारा, आणि त्यांच्यासाठी ब्रेक कधी दाबायचा ते ह्यांना कळेना. सुरुवातीला विचारायचे, "लाल आहे का? डावीकडून कोणी येतंय का?" मग विचारणं कमी झालं. आणि एका दुपारी मागून घोरणं ऐकू आलं.

मला भरून आलं. उगाच लपवत नाही, डोळे पुसायला गाडी बाजूला घेतली. हा माणूस सगळं माझ्या हातात सोपवून झोपला होता. झोपमोड नको म्हणून क्लिनिकवरून पुढे गेले आणि मोठा वळसा घालून परत आले. मुलगी बाहेर आली, मागचं दार उघडून तिने हळूच ह्यांचा पाय उचलला आणि सोडला. तो थपकन सीटवर पडला. आम्ही दोघी इतक्या हसलो की हे दचकून उठले.

"काय झालं? कोणाला ठोकलं?"

दोन महिन्यांनी सर्जनने तपासलं आणि ऑपरेशनची गरज नाही म्हणून सांगितलं. ह्यांनी गल्लीभर जाहीर केलं की हा सगळा त्या पट्ट्याचा गुण. पट्टा अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे.

परवा ह्यांनी पुन्हा शिकवायला सुरुवात केली. नवीन मुलगी होती, स्टिअरिंग धरून थरथर कापत होती. मी खिडकीतून बघितलं, तर ह्यांनी दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले होते आणि मांडीवर शेंगदाण्यांची पुडी.

"घाबरतेस काय?" हे तिला म्हणत होते. "माझी बायकोसुद्धा चालवते!"

ह्यातला 'सुद्धा' जायला बहुतेक डावा पाय दुखावा लागेल. मी वाट बघायला तयार आहे.